एक पाखंड कमी

उपवासकाळ सुरू व्हायला अकरा दिवस उरले असताना थाबुर्सा गावच्या ख्रिस्तमंडळीला एक पाखंड कमी पडलं.

बाहेरच्या माणसाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण पुनरुत्थानाच्या सणाआधी आमच्याकडे चाळीस दिवस उपवास असतो, आणि त्या चाळीस दिवसांत रोज संध्याकाळी एकेका पाखंडाचं नाव, गाव आणि चुकीची शिकवण मंडळीसमोर वाचली जाते. वाचन संपलं की सगळ्यांनी बेंबीच्या देठापासून तीनदा "शापित असो" असं ओरडायचं आणि घरी जाऊन जवाची पेज प्यायची. चाळीस दिवस, चाळीस पाखंडं. यादी मोठमोठ्या विद्वानांनी घासूनपुसून केलेली होती. पंचविसावं पाखंड आदामाला बेंबी होती असं म्हणणाऱ्यांचं. सव्विसावं, नव्हती असं म्हणणाऱ्यांचं. मग खरं काय ते एकदाचं सांगा, असं विचारणाऱ्यांचं सत्ताविसावं.

अशा भक्कम यादीत खिंडार पडलं ते कार्थेजच्या मुख्य धर्मकचेरीतून आलेल्या पत्राने. पत्रात म्हटलं होतं की, आपल्या यादीतील अनुक्रमांक बारा 'बालियन' व अनुक्रमांक एकतीस 'वालियन' हे दोन्ही एकच पाखंड असून, आपल्या भागातील लोकांस ब आणि व यांतील फरक कळत नसल्याने सदर घोटाळा झाला आहे, तरी एक कमी करून तसे कळवावे. हे अगदीच खोटं नव्हतं. आमच्या तोंडी लॅटिनमधले 'बिबेरे' म्हणजे पिणं आणि 'विवेरे' म्हणजे जगणं हे दोन शब्द सारखेच ऐकू येतात, आणि दारूच्या गुत्त्यात त्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

मिगिन तेल्याचं मात्र अडलं. गेल्या वर्षी त्याला बालियन म्हणून एकदा आणि वालियन म्हणून एकदा असं दोनदा बहिष्कृत केलेलं होतं. आता त्यातला एक बहिष्कार जादा ठरला. तो रद्द करावा असा अर्ज त्याने केला, तेव्हा कचेरीने कळवलं की रद्द करण्याची तरतूद नाही, पण पुढच्या अपराधाच्या वेळी तो धरून घेतला जाईल.

यादी सातुरच्या हातची होती, त्यामुळे चूकही सातुरचीच. सातुर हा मंडळीचा लेखनिक आणि वाचक. चौदा वर्षं रोज संध्याकाळी तो ओट्यावर उभा राहून खड्या आवाजात वाचत आला होता, कारण बिशप फॉर्तुनातियस कानांनी जरा कमी होते आणि जे आपल्याला ऐकू येत नाही ते देवालाही येत नसणार असं त्यांचं मत होतं. इतका आरडाओरडा करून सातुर घरी जाई, तर घराच्या भिंतीपलीकडे मिगिनचा कुरकुरणारा घाणा, आणि भिंतीच्या अलीकडे सासूबाई.

सिद्दिना सासूबाई वाईट नव्हत्या, फक्त बोलत होत्या. उठल्यापासून निजेपर्यंत बोलत. जावयाच्या वहाणांवर बोलत, त्याच्या शिंकेवर बोलत, त्याच्या मेलेल्या वडिलांच्या नाकावर बोलत. झोपेतही बोलत, पण तेव्हा शब्द जरा कमी असत, म्हणून सातुर त्यांच्या झोपेची वाट बघे. अशा माणसाला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. देवळाच्या मागे डीकनची, म्हणजे बिशपांच्या हाताखालच्या धर्मसेवकाची, खोली आहे. हातभर जाडीची दगडी भिंत, खिडकीत अंजिराचं झाड. जुने डीकन वारल्यापासून ती आठ महिने रिकामी होती. डीकनपदाचं सातुरला फारसं काही नव्हतं. त्याला ती भिंत हवी होती.

बिशपांनी त्याला बोलावून घेतलं तेव्हा ते अंजीर सोलत होते.

"बाबा, एक दिवस मोकळा सोडला तर?" सातुरने घसा ताणून विचारलं.

बिशपांनी अंजीर खाली ठेवलं. "मोकळा? अरे, दिवसभर उपाशी राहिलेली माणसं ती. संध्याकाळी ओरडायला त्यांना कुणीतरी लागतं. समोर पाखंडी नसला की ती एकमेकांकडे बघायला लागतात. आणि एकमेकांकडे बघून झालं की माझ्याकडे."

"मग एखादं दोनदा वाचू."

"आणि आसपासचे बिशप काय म्हणतील? इथे दर तीन कोसांवर एक बिशप बसलाय, आणि प्रत्येकाकडे चांगली चाळीस आहेत. ते काही नाही. तू घालवलंस, तूच आण. आणलंस तर सणाच्या दिवशी डीकन करतो तुला. नाही आणलंस, तर मिगिनला घाण्यावर माणूस हवाच आहे."

सातुरने तीन दिवस प्रामाणिकपणे शोध केला. न्हाव्याकडे गेला, पाण्याच्या हौदावर गेला, शाळामास्तरांना भेटला. गावातला प्रत्येक माणूस स्वतः शुद्ध मताचा निघाला आणि प्रत्येकाचा शेजारी भ्रष्ट निघाला. पण खोदून विचारलं, की शेजाऱ्याचा भ्रष्टपणा म्हणजे त्याची बकरी बांध ओलांडून येते एवढंच असे. चौथ्या दिवशी तो हात हलवत मुख्य डीकन प्रिमोसस यांच्याकडे गेला.

प्रिमोसस हा गृहस्थ मंडळीचं सगळं दप्तर सांभाळत असे. देवाने जग सहा दिवसांत केलं, पण त्याचा ठराव कुठे दिसत नाही, याची त्याला मनापासून खंत होती.

"पाखंड असंच उचलून आणता येत नाही, बंधू सातुर," त्याने एक कागद पुढे सरकवला. "नमुना भरावा लागतो. संस्थापक, गाव, चुकीची शिकवण, अनुयायी, आणि संस्थापकाचा किळसवाणा मृत्यू. पाच रकाने. एकही कोरा चालणार नाही."

"मृत्यू किळसवाणाच हवा?"

"साधा मृत्यू आपल्या लोकांना येतो."

सातुर कागद घेऊन घरी आला आणि अंगणात बसला. आता लपवण्यात अर्थ नाही, त्याने तो कागद मनानेच भरला. कुणा जित्याजागत्या माणसाच्या मानेवर पाय पडू नये म्हणून त्याने संस्थापक समुद्रापलीकडचा घेतला. गाव घातलं पोंतुस देशातलं, जिथे थाबुर्सातलं कुणी गेलेलं नव्हतं आणि कुणी जाणारही नव्हतं. नाव ठेवलं एरामियोस. मग तो शिकवणीच्या रकान्यापाशी अडला. घाणा कुरकुरत होता. सासूबाई शेजारणीला जावयाच्या पोटाबद्दल सांगत होत्या. सकाळी देवळाच्या पडवीत चार जण चार वेगवेगळ्या सूचना मोठमोठ्याने वाचत होते, तो कालवा अजून त्याच्या कानात होता. आमच्याकडे वाचणं म्हणजे मोठ्यानेच वाचणं. मनातल्या मनात वाचणारा माणूस काहीतरी लपवतोय असंच आम्ही धरून चालतो.

सातुरने लिहिलं: 'देव सातव्या दिवशी विसावला आणि अजून उठलेला नाही. त्याला निजू द्यावे. प्रार्थना हळू करावी. ओरडू नये, कुणाला शाप देऊ नये. वाचायचे झाल्यास ओठ न हलवता नुसत्या डोळ्यांनी वाचावे.'

लिहून झाल्यावर तो बराच वेळ त्या ओळींकडे बघत बसला. आपणच रचलेलं खोटं आपल्याला इतकं आवडावं, याची त्याला लाज वाटली.

कागद दोनदा परत आला. संस्थापक झोपेत मेला, असं सातुरने लिहिलं होतं. त्यावर प्रिमोससचा शेरा पडला की, हा मृत्यू ऐकून लोकांना हेवा वाटेल, सुधारून आणावा. मग सातुरने लिहिलं की, झोपेत मुंग्यांनी त्याची जीभ खाल्ली आणि ओरडणे निषिद्ध असल्याने कुणाला कळले नाही. हे मंजूर झालं. अनुयायांच्या रकान्यात त्याने 'नाहीत' असं लिहिलं होतं. अनुयायीच नसतील तर आपण कुणाला वाचवतोय, असा प्रश्न आला. तेव्हा त्याने 'अगणित, परंतु गप्प असल्याने दिसत नाहीत' असं करून दिलं. प्रिमोससने शिक्का मारला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "मूळ ग्रंथ कुठे आहे?"

"मूळ ग्रंथ?"

"ग्रंथच नसेल तर खंडन कशाचं करणार? दप्तरात मूळ ग्रंथ, त्याच्यावर बिशपांचं खंडन, आणि खंडनाची एक प्रत कार्थेजला. अशीच रीत आहे."

सातुरने तोही लिहिला. अकरा पानांचा. चुलीवर धुरी देऊन, तेलाचा गाळ चोळून त्याने तो जुना दिसेलसा केला. बिशपांचं खंडनही त्यालाच लिहायचं होतं, कारण बिशपांचं सगळं लेखन तोच करी. त्यामुळे त्या आठवड्यात तो सकाळी एरामियोस असे आणि जेवणानंतर बिशप. सकाळचा मजकूर चांगला उतरे. दुपारचा मजकूर 'अरे पोंतुसच्या उंदरा' अशी सुरुवात करून एरामियोसचं एक वाक्य जसंच्या तसं देई, मग दोन ओळी शिव्या, मग 'अरे कुत्र्या' म्हणून पुढचं वाक्य. अशा रीतीने ग्रंथ सबंधच्या सबंध खंडनात उतरला, एक शब्द गळला नाही. खंडन वाचून बिशपांनी सातुरची पाठ थोपटली. उंदीर त्यांना फार आवडला.

चाळिसावं पाखंड चाळिसाव्या दिवशी वाचायचं होतं. पण लोकांना पाखंड आधीपासून माहीत असलं तरच ते वेळेवर संतापतील, असं प्रिमोससचं म्हणणं पडलं, आणि उपवासाच्या पहिल्याच दिवशी खंडनाची प्रत पडवीत टांगली गेली.

पहिला वाचक होता मिगिन तेली. दोनदा बहिष्कृत असल्याने त्याला आत प्रवेश नव्हता, म्हणून तो रोज पडवीत बसून उपासना ऐके. त्याने खंडन वाचलं, शिव्या वगळून पुन्हा वाचलं. दुसऱ्या दिवशी त्याने घाण्याच्या खांबाला वंगण लावलं. नऊ वर्षं कुरकुरणारा घाणा गप्प झाला. सातुरने अचंब्याने कारण विचारलं, तर मिगिन हलक्या आवाजात म्हणाला, "देव झोपलाय म्हणतात. म्हटलं, आपल्या घाण्याने कशाला उठवा."

सातुरने इकडेतिकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

आठवड्याने सासूबाईंनी ते खंडन वाचलं. जावयाच्या हातचं लिखाण आहे म्हणजे नावं ठेवायला जागा असणारच, या खात्रीने त्या गेल्या होत्या. येताना मात्र त्या काही बोलल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी लसूण सोलला आणि त्याबद्दलही काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दोनाता, म्हणजे सातुरची बायको, घाबरीघुबरी होऊन वैद्याला बोलवा म्हणू लागली. तेव्हा सासूबाईंनी डोळे उघडून एकच वाक्य उच्चारलं, "बरी आहे मी, जरा ऐकत बसलेय," आणि पुन्हा मिटले.

दोनाता सातुरला स्वयंपाकघरात ओढत घेऊन गेली. "अहो, हे पाखंड खरंच इतकं वाईट आहे का हो? दहा वर्षांत पहिल्यांदा मला आपलं मांजर ओरडलेलं ऐकू आलं. मला वाटायचं ते मुकं आहे."

सातुरने घाबरायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी तो कितीतरी वर्षांनी अंगणात बसून जेवला, पेजेचा घोट घशाखाली गेलेला त्याला ऐकू आला, आणि त्याला खूप बरं वाटलं. आता खोली मिळाली नाही तरी चालेल, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

इकडे देवळात आवाज उतरू लागला होता. विसाव्या दिवशी 'शापित असो' जेमतेम खिडक्यांपर्यंत गेलं. पंचविसाव्या दिवशी बिशपांनी कान कोरून घेतले. तिसाव्या दिवशी ते काकुळतीला येऊन म्हणाले की आपले दिवस भरत आले, कारण आता काहीच ऐकू येत नाही. प्रिमोससने त्यांना धीर दिला. आपले कान ठीक आहेत, बाबा, मंडळीच ओरडत नाही. हे कळल्यावर बिशपांचा जीव भांड्यात पडला.

मग कचेरी कामाला लागली. उपासनेच्या वेळी चारी खांबांपाशी चार सेवक उभे केले गेले. कोणाचं तोंड किती उघडलं याची ते नोंद घेत. अर्धं उघडलेलं तोंड संशयित, मिटलेलं तोंड पाखंडी. तीन लेकरांच्या आईने बाळ झोपलंय म्हणून ओरडलं नाही, तर बाळाचंही नाव लागलं, कारण ते झोपलेलं होतं. लुक्की पाथरवट जन्मापासून मुका आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक. त्याच्या नावापुढे 'जन्मतःच एरामी' अशी नोंद झाली.

जे देवळात तोंड उघडत पण घरी गप्प बसत, त्यांच्यासाठी प्रिमोससने एक नामी परीक्षा काढली. सेवक दारात जाई आणि काहीतरी लिहिलेला कागद हातात देई. वाचताना ओठ हलले तर माणूस शुद्ध. नुसतेच डोळे हलले तर नाव यादीत. ज्यांना वाचताच येत नाही, ते कागदाकडे नुसतेच बघत आणि तेही यादीत जात.

यादी कार्थेजला गेली आणि उलट टपाली शाबासकी आली. मुख्य कचेरीने लिहिलं होतं की, एरामी पाखंडाचा धोका आम्ही फार पूर्वीच ओळखला होता, एरामियोस आमच्या जुन्या दप्तरात नोंदलेला आहे, आणि त्याची जीभ मुंग्यांनी खाल्ल्याचे आमच्या एका वडीलधाऱ्या धर्मगुरूंनी प्रत्यक्ष पाहिले आहे. सातुरने ते पत्र तीनदा वाचलं. चुलीच्या धुरात आपणच घडवलेला माणूस कुणीतरी पाहिलेला होता.

चाळिसावा दिवस उजाडला. एकोणचाळीस दिवस घसा फोडून वाचल्यामुळे आणि गेले दहा दिवस मंडळीच्या वाटणीचंही एकट्याने ओरडल्यामुळे सातुरचा आवाज त्या सकाळी पार बसला. दोनाताने मध चाटवला, ऑलिव्हच्या पानांचा काढा दिला. उपयोग शून्य. संध्याकाळी तो ओट्यावर उभा राहिला आणि त्याने चाळिसावं पाखंड वाचलं, म्हणजे त्याचे ओठ हलले. देवळात इतकी शांतता होती की बाहेरच्या गाढवाचे कान फडफडलेले ऐकू आले. वाचन संपल्यावर सातुरने तोंड उघडलं, पण शाप काही बाहेर पडला नाही. मंडळीकडूनही पडला नाही.

बिशपांनी दोन्ही कानांमागे हात धरले आणि थोड्या वेळाने समाधानाने मान हलवली. त्यांना सगळं नेहमीसारखंच वाटलं. इथे प्रकरण मिटलंही असतं. खोली जवळजवळ सातुरची झाली होती.

पण प्रिमोसस उठला आणि त्याने यादी उलगडली. दोनशे बारा नावं. या सर्वांना आज बहिष्कृत करण्यात येत असून त्यांच्याशी कुणी बोलू नये, त्यांना भाकरी देऊ नये, त्यांना पुरू नये, असं म्हणून त्याने पहिलं नाव वाचलं. सिद्दिना. दुसरं दोनाता.

सातुरने कमरेची मेणाची पाटी काढली. त्यावर त्याने स्पष्ट लिहिलं: 'एरामियोस नाबाचा माणूस कधीच नव्हता. ते सगळे मीच लिहिले. यांना सोडा.' आणि पाटी प्रिमोससच्या हातात दिली.

प्रिमोससने ती दोनदा वाचली, अर्थातच मोठ्याने. मग त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"बंधू सातुर, एरामियोस होता की नव्हता हे तू ठरवणार? कार्थेजच्या दप्तरात तो आहे. डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार आहे. आणि इथे बघ, या पाटीवर तू वच्या जागी ब लिहिलायस. त्याच्या मूळ ग्रंथातही नेमकी हीच चूक अकरा ठिकाणी आहे. गुरूच्या चुकासुद्धा तुझ्या हातात बसल्यात, म्हणजे किती जवळचा शिष्य असशील तू."

सातुरने मान हलवून नाही म्हटलं. आवाज असता तरी फार काही साधलं असतं असं वाटत नाही.

"शिवाय," प्रिमोसस बिशपांच्या कानाशी वाकून ओरडला, "आपला संस्थापक नव्हताच असं म्हणणारे एरामी, हा स्वतंत्र पंथ धरावा लागेल. एक्केचाळिसावा. संस्थापक सातुर, गाव थाबुर्सा. आदामाच्या बेंबीची तीन आहेत, पुढल्या वर्षी त्यांतलं एक गाळून हा वाचता येईल."

"स्थानिक आहे," बिशप खूश होऊन म्हणाले. "लोकांना स्थानिक आवडतं."

मग मंडळीला एक सवलत देण्यात आली. जो आत्ता सातुरकडे तोंड करून तीनदा 'शापित असो' म्हणेल, त्याचं नाव यादीतून खोडलं जाईल. कुणी हललं नाही. सातुरने सासूबाईंकडे बघितलं. त्या ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने हाताने खूण केली, ओरडा. त्यांनी मान हलवली, नाही. त्याने पुन्हा खूण केली आणि दोनाताकडे बोट दाखवलं. तेव्हा सासूबाईंनी छातीत हवा भरली.

महिनाभर साठलेला आवाज होता तो. बिशप दचकून उठून उभे राहिले. पाठोपाठ मिगिन पडवीतून ओरडला, तीन लेकरांची आई ओरडली, बाळ जागं होऊन ओरडलं. लुक्की पाथरवटाने दगडावर दगड आपटला आणि तो ग्राह्य धरला गेला. सगळ्यात शेवटी दोनाता ओरडली, तेही सातुर तिच्याकडे बघून हसला तेव्हा. असा आवाज गावाने पूर्वी कधी ऐकला नव्हता, असं सगळे सांगतात. बिशपांना तर शब्दन् शब्द ऐकू आला.

सातुरला घाण्यावर पाठवता येईना, कारण आता तो संस्थापक होता आणि त्याचा पाचवा रकाना अजून कोरा होता. प्रिमोससने तिथे 'प्रलंबित' असं लिहून ठेवलं. तोवर त्याला कुठेतरी सुरक्षित ठेवणं भाग होतं, त्याच्याशी कुणी बोलणार नाही अशा जागी. भिंत हातभर जाडीची असलेली एकच खोली मंडळीकडे होती. ती त्याला देण्यात आली.

खिडकीत अंजिराचं झाड आहे. सिद्दिना सासूबाईंना प्रायश्चित्त म्हणून रोज दुपारी त्या खिडकीखाली उभं राहून जावयाला तीनदा शाप द्यायचा आहे. त्या वेळेवर येतात, नेमाने तीनदा ओरडतात, सेवक वहीत खूण करून निघून जातो. मग त्या झाडाखालीच बसतात आणि तासभर काही बोलत नाहीत. आतून सातुरही काही बोलत नाही. ही बाब अद्याप कचेरीच्या निदर्शनास आलेली नाही.

कचेरी इतर कामात आहे. एरामी पाखंड वरकरणी मिटलं तरी बी कुठे कुठे गेलं असेल सांगता येत नाही, म्हणून प्रिमोससने एक सूचना काढून गावोगाव पाठवली आहे. ती अशी:

'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सदर पाखंडी ओळखण्याची खूण एकच आहे. तो लिहिलेला मजकूर समोर धरतो, ओठ मिटून नुसते डोळे ओळींवरून फिरवितो, मध्येच गालातल्या गालात हसतो, आणि कुणी हटकल्यास "काही नाही, वाचतोय" असे सांगतो. ही सूचना ज्याने इथवर याच रीतीने वाचली असेल त्याने आहे तिथेच बसून राहावे. नाव व गाव कचेरी शोधून काढील. शेवटच्या रकान्याचे नंतर पाहू.'